अंगठ्याचा रुपया

१

दुपारचा एक वाजला की डिचोलीच्या बाजारात धाकू आपल्या सोड्याच्या गाडीवर ताडपत्री ओढायचा. गोटीच्या बाटल्या खोक्यात उलट्या घालायचा, पिळलेल्या लिंबांच्या साली गाईपुढे टाकायचा, आणि सकाळची सगळी चिल्लर पंच्यात बांधून सर्वणच्या बसला चढायचा. घरी आलं की हातपाय धुवायचे, माशाचं हुमण नि भात जेवायचा, आणि मधल्या भिंतीला पाठ लावून पाटावर बसायचं. मांडीवर सूप, सुपात चिल्लर. दारातून तिरकं ऊन आत येतं तेवढाच वेळ त्याच्या कामाचा. नाणं बघायचं तर उजेड बाजूनं यायला हवा. डोक्यावरचा उजेड सगळं सपाट करून टाकतो, असं त्याचं म्हणणं.

हे वेड त्याला गुरुदासनं लावलं. गुरुदास म्हापशाचा, जुन्या नाण्यांचा व्यापारी. दर बुधवारी डिचोलीच्या बाजाराला यायचा. पंधरा वर्षांमागे सोडा पिता पिता त्यानं धाकूच्या डब्यातलं एक पन्नास पैशांचं नाणं उचललं आणि म्हणाला, "ह्यां टांकसाळीतच चुकलेलां." असल्या चुकलेल्या नाण्याला शौकीन जास्त पैसे मोजतात, हे धाकूला तेव्हा कळलं. तेव्हापासून धाकूच्या हातून एक नाणं तपासल्याशिवाय गेलं नाही.

धाकूला अक्षर येत नव्हतं. नाण्यावरचं साल त्याला वाचता येत नसे. पण उजव्या अंगठ्याचं नख त्यानं वाढवलं होतं, आणि ते नख त्याला सगळं वाचून दाखवी. साचा तडकला की तडकलेल्या जागी धातू घुसतो, मग नाण्यावर रेघ उंच उठते. तिच्यावर नख चढतं. रस्त्यावर पडलं, गाडीखाली गेलं, पोरांनी दगडानं ठेचलं, तर खड्डा पडतो. तिथं नख उतरतं. चढतं ते टांकसाळीचं, उतरतं ते रस्त्याचं. हा कायदा त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याचा त्यानंच शोधून काढला होता, आणि त्या कायद्याचा त्याला फार अभिमान.

तरुणपणी सोड्याची बाटली फुटून त्याच्या डाव्या भुवईवर काच बसली होती. तिथं गांडुळाएवढा वण उठून राहिला होता. विचारात असला की त्याचं नख आपोआप तिथं जायचं.

"चढता," तो बायकोला म्हणायचा. "मी अस्सल टांकसाळीचो गो."

"होय तर," सुमंगला सूप काढून घेत म्हणायची. "थंयच चुकलेले तुमी."

२

घर एकच, पण मधोमध भिंत घालून दोन केलेलं. पलीकडच्या अर्ध्यात सगुण राहायचा. हा मूळचा दोडामार्गकडचा. खाणीवर लोडिंगला म्हणून आला आणि इथलाच झाला. बायको वारली, मुलगी गंगा हरमलला दिली. खाणी बंद पडल्यावर त्याला काम उरलं नाही. सकाळी धाकूबरोबरच बसला चढायचा आणि दुपारपर्यंत गाडीशेजारी स्टुलावर बसून राहायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार गोष्टी करायचा. गिऱ्हाइकांना तो आवडायचा.

"माका पण शिकय मरे तुझी ती विद्या," तो एकदा म्हणाला.

धाकूनं शिकवली. हातचं राखलं नाही. उजेड कुठून घ्यायचा, दोन नाणी घासून चिकटवलेली असली तर दगडावर टाकून आवाज कसा ऐकायचा, चित्र एका बाजूला सरकलेलं असलं तर कड कानशीनं घासली आहे की जन्मतःच तशी, हे कसं बघायचं. आणि नखाचा कायदा. सगुण मान हलवत ऐकायचा. शिकवायला मिळालं म्हणून धाकूला बरं वाटायचं.

पण वर्षाच्या आत सगुणला तीन चुकलेली नाणी सापडली. धाकूला त्या वर्षात एकही नाही.

आणि मग तो रुपया. मूठ मिटून अंगठा वर केलेलं चित्र असतं ना, तो. लोक त्याला अंगठ्याचा रुपया म्हणत. एक दिवस सुपात तो धाकूच्या हाती आला. एका बाजूला अंगठा नीट होता. उलटून बघितलं तर सिंहांच्या जागी काहीतरी खोल गेलेलं. त्यानं नख फिरवलं. उतरलं. परत फिरवलं. उतरलं. कुणीतरी पोरानं हातोडी मारलेली, असं मनाशी म्हणून त्यानं तो चिल्लरीच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सगुणनं सोडा घेतला, तेव्हा धाकूनं सुट्या पैशांत तोच रुपया त्याच्या हातावर ठेवला. ठेवताना त्याला तो ओळखूही आला होता.

३

बुधवारी गुरुदास आला. सगुणनं बंडीच्या खिशातून रुपया काढून दिला, "बघा बाब, काय आसा काय," म्हणाला.

गुरुदासनं भिंग लावलं. भिंग बाजूला ठेवून त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा भिंग लावलं.

"धाकू," तो म्हणाला, "ह्याका एक सोडो दी. पैसे माझे."

"काय झालां?"

"लाखी ही. लाखांत एखादी येता म्हणान लाखी. मी पण आयुष्यात दोनच बघितलंय."

बाजारातली चार माणसं जमली. धाकू बाटलीतली गोटी दाबायची विसरून तसाच उभा.

"पण तां उतरता," तो म्हणाला. "उतरता तां रस्त्यावरचां."

"थंयच तू चुकलंस." गुरुदासनं रुपया त्याच्यासमोर धरला. "हातोडीन मारलेलो खड्डो असो आसता? नीट बघ. खड्ड्यात काय आसा?"

धाकूनं बघितलं. खोल गेलेल्या जागी मूठ होती. मिटलेली मूठ, वर केलेला अंगठा. एका बाजूला उजवा हात उठून आलेला, दुसऱ्या बाजूला तोच हात डावा होऊन आत गेलेला.

"एक नाणां छापल्यार साच्यातसून भायर पडाक होया," गुरुदास म्हणाला. "कधीतरी पडना नाय, थंयच चिकटान रवता. मग दुसरी कोरी चकती येता, आणि तिच्यावर साचो बसना नाय. ह्या अडकलेल्याचांच तोंड बसता. आधीचां नाणां फुडल्याक छापता."

"आणि अडकलेलां? तेचां काय होता?"

"तां मागीर सुटता. साध्या नाण्यासारखां साधां. तेका कोण विचारता?" गुरुदास हसला. "सगुणा, डोळो आसा रे तुका. विकतंस?"

"नको बाब. घरात रवंदे." सगुण जरा लाजल्यासारखा झाला. "आणि डोळो कसलो? धाकूबाबाच्याच डब्यातलो तो. तेणांच माका दिल्यान."

सगळे हसले. धाकूही हसला. सगुणनं तोरा मिरवला असता तर त्याला शिवी देऊन मोकळं होता आलं असतं. तो खरं तेच बोलला होता, म्हणून ते जास्त लागलं.

४

त्या दिवसापासून धाकूची झोप गेली असं नाही. तो जेवायचा, झोपायचा, सोडा विकायचा. पण मनात एक गोष्ट घर करून बसली. अडकलेलं नाणं म्हणजे मी. मी शिकवलं, म्हणून त्याला आलं. त्याच्यावर जो ठसा आहे तो माझा. लोकांनी विचारलं पाहिजे ते मला, आणि विचारतात त्याला.

गिऱ्हाइकं आता सुटे पैसे घेतले की सगुणकडे वळायची. "बघ रे, लाखी आसा काय?" सगुण नाणं घेऊन उन्हाकडे तिरकं धरायचा आणि नख फिरवायचा. धाकू सोडा भरता भरता बघायचा. नख डाव्या अंगठ्याचं होतं. सगुण डावखुरा कधीपासून? मग त्यानं स्वतःलाच समजावलं, आपण समोर बसतो, समोरच्याचा हात उलटा दिसायचाच.

एकदा सगुण विचारात पडला आणि त्याचं नख भुवईवर गेलं. उजव्या. तिथं वण होता. गांडुळाएवढा.

"तुझ्या भुवयेक काय झालां रे?" धाकूनं विचारलं.

"ह्यां?" सगुणला नवल वाटलं. "खाणीवर दगड उडालो न्हय? वीस वर्सां झाली. तूच हळद भरलंस तेच्यात. इसारलंस?"

धाकूला आठवेना. रात्री त्यानं सुमंगलेला विचारलं.

"पैल्यापासूनच आसा तो," ती म्हणाली. "आज काय काढलंत मधीच?"

असेल, असं तो म्हणाला. रोजच्या माणसाच्या तोंडाकडे आपण कुठं बघतो? पण हजारो नाण्यांतली केसाएवढी रेघ ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्याला शेजाऱ्याच्या भुवईवरचं गांडूळ दिसलं नव्हतं, हे त्याच्या मनाला पटेना.

मग आवाज सुरू झाले. सुरू झाले म्हणजे ते आधीपासून असतीलही, त्याचं लक्ष आता गेलं. दुपारी तो भिंतीला टेकून बसला आणि खोकला, की पलीकडून खोकला यायचा. त्यानं सूप हलवलं, की पलीकडे चिल्लर खुळखुळायची. नख नाण्यावरून ओढलं, की भिंतीतून तसंच ओढल्याचा बारीक आवाज. भिंत मातीची, पोकळ असेल, घुमत असेल. सगुणही ह्याच वेळी बसतो, त्यालाही ऊन ह्याच वेळी मिळतं. ह्यात नवल काय?

एका दुपारी धाकूच्या घशात खवखवलं. तो अजून खोकला नव्हता. पलीकडून खोकला आला, आणि मग त्याला आला.

५

पंधरा दिवसांनी सगुण हरमलला निघाला. जावयानं दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या, सीझन तोंडावर, रंगकाम चाललेलं. आठ दिवस मदतीला ये म्हणून गंगानं निरोप धाडला होता. सकाळी पिशवी घेऊन तो धाकूच्या सोप्यावर आला. सुमंगलेनं चहा आणि उंडे पाव दिले.

"चावी ठेवतंय," सगुण म्हणाला. "तुळशीक तेवढां पाणी घाल."

"घालतंय."

सगुण थोडा घुटमळला. मग बंडीच्या खिशात हात घालून त्यानं रुपया काढला आणि सोप्यावर धाकूच्या मांडीशी ठेवला.

"हो तुझो," तो म्हणाला. "गुरुदासान सांगल्यापासून माका बरां वाटणा नाय. तुझ्या हातातसून इलेलो तो. घे."

धाकूनं रुपयाकडे बघितलं. आत गेलेला अंगठा वर होता. एवढंच हवं होतं त्याला, आणि हे असं समोर ठेवलेलं. सुमंगला बघत होती.

"मी भीक घेणा नाय," तो म्हणाला.

"भीक कसली मरे?"

"उचल तो. तुका गावलो, तुझो. माका गावतलो तेव्हा माझो."

सगुणनं रुपया उचलला. चहा पुरा न करताच तो पलीकडे आपल्या घरात गेला, कुठंतरी तो ठेवून आला, कुलूप लावलं, चावी सुमंगलेच्या हातात दिली. बस लागली तेव्हा त्यानं खिडकीतून हात केला. धाकूनं केला नाही.

"बरो माणूस तो," सुमंगला म्हणाली. "तुमकांच तेचां बरां बघवणा नाय."

दुपारी धाकू भिंतीला टेकून बसला. सूप हलवलं. पलीकडे चिल्लर खुळखुळली.

तो बसल्या जागी थिजला. पलीकडे कुलूप होतं. चावी इथं, खुंटीला. घूस असेल. मांजर असेल. त्यानं सूप खाली ठेवलं आणि श्वास धरून बसला. पलीकडेही कुणी सूप खाली ठेवलं.

६

तिसऱ्या दिवशी तो बाजारात गेलाच नाही. पोट दुखतं म्हणाला. दुपारी सुमंगला आत चटईवर आडवी झाली तेव्हा त्यानं खुंटीवरची चावी काढली. तुळशीला पाणी घालायचं म्हणून तांब्या घेतला, पण पाणी घ्यायला विसरला. तो कशासाठी जातोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रुपया त्याला हवा होता. दिलेला नको होता.

कुलूप काढून तो आत गेला. घर त्याच्याच घराचं उलटं. त्याची चूल डावीकडे, ही उजवीकडे. त्याची खिडकी उजवीकडे, ही डावीकडे. अर्धं केलेलं घर, असंच असणार. एवढ्या वर्षांत दहा वेळा तो इथं आला असेल, पण दारातून पुढं फारसा नाही.

रुपया शोधायला त्याला वेळ लागला नाही. आपण कुठं ठेवला असता, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि हात उलट्या बाजूच्या कोनाड्यात घातला. तपकिरीची डबी. तिच्यात तो होता.

खरं तर तसंच निघायचं. पण दारातून तिरकं ऊन येत होतं, आणि ऊन आलं की बसायचं ही अंगवळणी पडलेली गोष्ट. मधल्या भिंतीशी पाट मांडलेला होता. भिंतीत खळगा पडला होता. त्याच्या घरीही तसाच होता. चवथीला चुना काढताना सुमंगला दरवर्षी म्हणायची, भिंतीवर तुमची पाठ छापली. पण हा खळगा त्याच्यापेक्षा खोल होता. डोक्याच्या जागी तेल मुरून काळा पडलेला, खांद्यांच्या जागी गुळगुळीत झालेला. सोड्याचं यंत्र फिरवून धाकूचा एक खांदा खाली गेला होता. ह्या खळग्यातही एक खांदा खाली होता.

सगुणनं कधी यंत्र फिरवलं नव्हतं.

तो पाटावर बसला आणि मागं टेकला. अंग आत गेलं. खांदा खांद्याच्या जागी, डोकं डोक्याच्या जागी, कुठं दोरा घालायला फट राहिली नाही. आपल्या घरी तो इतका नेमका कधी बसला नव्हता. बरं वाटलं त्याला. बरं वाटलं म्हणूनच तो घाबरला.

तेव्हा पाठीमागून खोकला आला.

त्याचा खोकला. अर्ध्यावर अडकणारा, शेवटी घसा खरवडणारा. त्याच्या घरातून. मग सूप हलल्याचा आवाज, आणि सुमंगलेची पावलं. तिची काकणं.

"पोट बरां काय आता?" ती विचारत होती.

"बरां," भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं.

मग आणखी काहीतरी बोलणं झालं, हळू, आणि सुमंगला हसली. ती तसं हसल्याला किती वर्षं झाली होती ते धाकूला आठवेना. घरात कोण आहे, हा प्रश्न मागं राहिला. माझ्याबरोबर ती अशी का हसत नाही, हा पुढं आला.

७

तो उठला. अंग भिंतीतून सुटताना जरा ओढल्यासारखं झालं. रुपया मुठीत घट्ट धरून तो बाहेर आला. तांब्या आतच राहिला. दहा पावलं होती. उन्हात सोपा नेहमीसारखा, सोप्यावर सुकत घातलेली सुपारी नेहमीसारखी. डोळा लागला असेल आपला, तो मनाशी म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचा लागतो.

दार उघडंच होतं. तो चौकटीत उभा राहिला.

भिंतीशी पाटावर एक माणूस बसला होता. मान खाली, मांडीवर सूप. तोंड दिसत नव्हतं. तिरक्या उन्हात फक्त हात दिसत होते, आणि उजव्या अंगठ्याचं लांब नख एका नाण्यावरून सावकाश चाललं होतं.

धाकूला हाक मारायची होती. त्याआधी, सवयीनं, त्याचा हात भुवईकडे गेला. रुपया उजव्या मुठीत होता. भुवईला लागला तो डावा अंगठा. वाढवलेलं नख त्याच्यावरच होतं. भुवई उजवी होती.

त्यानं नख फिरवलं. उतरलं.

त्यानं परत फिरवलं. नख कड सोडून आत गेलं, बारीक, गुळगुळीत खाचेत, आणि पलीकडच्या कडेनं वर आलं. हातोडीनं अशी खाच पडत नाही.

सुमंगला चहाचा पेला घेऊन आतून आली. तिनं दाराकडे बघितलं आणि पदर सावरला, घरच्या माणसापुढे बाई सावरत नाही तसा.

"सगुणभाऊ," ती म्हणाली, "हरमलसून कधी इलास? असो उबो कित्याक? ये, बस."

धाकू मी आहे, हे त्याला सांगायचं होतं. त्याच्या घशात खवखवलं. पाटावरचा माणूस खोकला, आणि मग त्याला खोकला आला.

"दारातसून सर रे," पाटावरचा माणूस मान वर न करता म्हणाला. आवाज गोड होता, सावकाश, शिकवणाऱ्या माणसाचा. "उजेड अडता."

तो सरला. ऊन पुन्हा त्या हातांवर पडलं. नख नाण्यावरून एकदा गेलं, मग दुसऱ्यांदा.

"उतरता," तो माणूस म्हणाला, आणि नाणं चिल्लरीच्या डब्यात टाकलं.